बाखच्या २२२ सीडींचं खोकं: घ्यावं की नाही?

खर्जातला

मंडळी, एक सल्ला हवाय. सल्ला ऐकून मी मला हवं तेच करणार, पण तरी द्या.

आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. काका गेल्या वर्षी गेले. नोकरीनिमित्त बरीच वर्षं जर्मनीत होते, संगीताचे दर्दी. त्यांच्या कपाटात 'बाख ३३३' हे खोकं आहे. २०१८ साली, जर्मन संगीतकार बाखच्या जन्माला (१६८५) ३३३ वर्षं झाली म्हणून डॉइच ग्रामोफोन आणि डेक्का या रेकॉर्ड कंपन्यांनी मिळून काढलेलं. २२२ सीडी, साधारण २८० तासांचं संगीत, वर जाडजूड पुस्तकं. काकूंना जागा मोकळी करायची आहे. ४०,००० म्हणताहेत.

मी बाखच्या नादी लागलो तो कॉलेजात, मॅक्सम्युलर भवनाच्या लायब्ररीतल्या कॅसेट्सपायी. तेव्हापासून माझ्याकडे जमलंय ते असं: ब्रांडेनबुर्ग कंचेर्टो, चेलो सुइट्स, ग्लेन गुल्डची दोन्ही गोल्डबर्ग (१९५५ची आणि १९८१ची) आणि सेंट मॅथ्यू पॅशन. एवढ्यावर तीस वर्षं काढली. कॅन्टाटा (वाद्यांच्या साथीने गायच्या रचना) जेमतेम सात-आठ ऐकल्यात.

प्रश्न असे. एक, वय ५४, एवढं ऐकून होणार आहे का? दोन, सीडी प्लेअर १९९८चा आहे, त्याचा ट्रे बाहेर यायला मूड लागतो. तीन, सौ. म्हणाली, "आधी माळ्यावरच्या कॅसेट्सचं काय करणार ते सांग."

फक्तवाचक

शीर्षक घाईत वाचलं आणि २२२ बाकरवड्यांचं खोकं वाटलं. घ्या म्हणायला आलो होतो.

ऋतुजा

२०२० नंतर सीडी कोण विकत घेतं? महिन्याचे थोडे पैसे भरले की सगळं फोनवर. आणि फुकटच हवं असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटी बाखची एकेक कृती रीतसर चित्रित करून यूट्यूबवर टाकते. चर्चमध्ये, कुणाच्या दिवाणखान्यात, सुंदर कॅमेरा. ते पाहून संपवा आधी, मग ४०,००० चं बोला.

सातवा_मजला

आकडेमोड करून देतो. २८० तास, रोज अर्धा तास म्हणजे ५६० दिवस. दीड वर्षात पहिलं पारायण. वयाची अडचण नाही, चिकाटीची आहे. माझ्याकडे मोझार्टचं असंच एक अजस्र खोकं आहे. पहिल्या महिन्यात १९ सीडी ऐकल्या, नंतरच्या सहा वर्षांत ११. ते हल्ली टीव्हीखाली आहे. टीव्हीची उंची अगदी बरोबर आलीये.

टीकाखोर

संपूर्ण संच घेणारे लोक दोन प्रकारचे. एक, ज्यांना ऐकायचं असतं. दुसरे, ज्यांना आपल्याकडे आहे हे माहीत असायला हवं असतं. धागाकर्त्यांनी तीस वर्षं चार-पाच गोष्टींवर काढली म्हणजे ते पहिल्यातले. पहिल्या प्रकारच्या माणसाला संपूर्ण संच लागत नाही. प्रश्न सुटला. धागा बंद करा.

नीरजा_पुणे

@टीकाखोर, तुमच्या घरी तुकोबांची गाथा आहे का? साडेचार हजारांवर अभंग आहेत त्यात. सगळे वाचलेत? नाही ना? मग निवडक शंभर अभंगांचं पुस्तक ठेवून गाथा रद्दीत घालणार का? गाथा घरात असते ती कधीही कुठलंही पान उघडता यावं म्हणून. निवड दुसऱ्याने केली की आपल्याला त्याच त्या वीस ओळी भेटत राहतात. बाखचंही तेच. निवडक संग्रहात कायम एअर, टोकाटा आणि 'जीझू'. बाकी माणूस गेला कुठे?

टीकाखोर

@नीरजा, गाथा आहे. वडिलांची. हरलो. पण गाथा ४०,००० ला मिळत नाही.

बेताल

गाथेचं निघालंच आहे तर साम्य आणखी पुढे जातं. गाथेत प्रक्षिप्त अभंग कोणते यावर अभ्यासकांत वाद आहेत ना, तसंच इथे. ज्या टोकाटा-फ्यूगवर (बाखच्या यादीतला क्रमांक ५६५) अर्ध्या जगाला बाख माहीत झाला, तो त्याचाच का यावर काही अभ्यासकांना शंका आहे. पियानोच्या क्लासला जाणारं प्रत्येक पोर जो जी मेजर मिन्युएट वाजवतं, तो तर पेट्झोल्ड नावाच्या माणसाचा आहे हे सिद्ध झालंय. बाखची बायको आना माग्डालेना हिच्या वहीत कुणाचं नाव न लिहिता उतरवलेला होता, म्हणून नवऱ्याच्या नावावर खपला.

आणि बुडालेलंही आहेच. बाख गेल्यावर (१७५०) हस्तलिखितं मुलांत वाटली गेली. कार्ल फिलिप इमान्युएलने वाटा जपला, थोरल्या विल्हेल्म फ्रीडमानच्या वाट्यातलं बरंच विकलं गेलं नि हरवलं. मृत्युलेखात चर्चसाठीच्या कॅन्टाटांचे पाच वर्षांचे पाच संच सांगितलेत. हाती आहेत धार्मिक-लौकिक मिळून दोनशेच्या आसपास. सेंट मार्क पॅशनचे शब्द उरलेत, संगीत गेलं. इंद्रायणी प्रसन्न झाली नाही. तेव्हा खोक्यावर 'संपूर्ण' लिहिलेलं असलं तरी ते 'उरलेलं संपूर्ण' आहे.

फक्तवाचक

थोरल्याने विकलं, मधल्याने जपलं. जर्मनी काय नि सातारा काय, सारखंच.

कपाटवाली

मला बाखमधलं कळत नाही, कपाटातलं कळतं. आम्ही रत्नागिरीला असताना ह्यांच्या सीडींच्या बुकलेट्सना दोन पावसाळ्यांत बुरशी आली. पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना छपाई निघून आली. तबकड्या ठीक होत्या. जुन्या जाड डब्यांत तबकडीखाली स्पंजाचा तुकडा असतो, तो वितळून सीडीला चिकटतो. तो मात्र खरा घात करतो. तुमच्या खोक्यात पुठ्ठ्याची पाकिटं आहेत का स्पंज, आधी उघडून बघा. पाकिटातून सीडी ओढून काढताना रेघा पडतात, तेही बघा. न बघता पैसे देऊ नका, काकू कितीही चांगल्या असल्या तरी.

म्हापशेकार

आमच्या गोव्यात बाख ऐकायला खोकं लागत नव्हतं हो, मेस्त (संगीतमास्तर) लागायचा. गावच्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त सगळ्या पोरांना सोल्फ (स्वर वाचून गाणं) शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. माझे वडील तिथेच शिकले आणि पुढे मुंबईला फिल्म लायनीत वाजवायला गेले. अशा कितीतरी गोंयकारांनी स्टुडिओत दिवसभर सिनेमाचं वाजवलं आणि घरी येऊन रात्री बाखचा पार्टिता काढला. वडिलांकडे रेकॉर्ड एकही नव्हती. कागद होते. पिवळे पडलेले, पेन्सिलीने बोटांचे आकडे टाकलेले. ते म्हणत, "ऐकून बाख कळत नाही, वाजवून थोडा कळतो." तेव्हा ४०,००० चं एक बरं व्हायोलिन घ्या. चेष्टा करतो. ५४ व्या वर्षी शेजाऱ्यांचा विचार करा.

मंद्र_सप्तक

माझी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे असा संच का निघत नाही म्हणून आपण हळहळतो, पण निघणार कशाचा? बाखने लिहून ठेवलं, त्याला क्रमांक पडले, श्मीडर नावाच्या अभ्यासकाने १९५० साली यादी छापली. यादी आहे म्हणून 'संपूर्ण' हा शब्द आहे. मन्सूरअण्णांचं संपूर्ण म्हणजे काय? त्यांनी गायलेला प्रत्येक नट राग? अल्लादिया खाँसाहेबांची तर एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखल्यांचं तेच. ज्यांच्यापासून निम्मा महाराष्ट्र गाणं शिकला त्यांचा संच रिकामं खोकं. आणि ज्यांच्या आहेत, त्या ७८ गतीच्या. तीन-साडेतीन मिनिटांत आलाप, बंदिश, तान, संपलं. केसरबाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघालं तेही साडेतीन मिनिटांचंच.

माझ्या वडिलांकडे मैफलींच्या नव्वदेक कॅसेट्स होत्या. याच्याकडून त्याने, त्याच्याकडून ह्यांनी उतरवून घेतलेल्या. प्रत्येकीवर त्यांचं बारीक अक्षर: "देशकार. मध्ये वीज गेली. पुढचा भाग जोश्यांकडे." जोशी कोण, ते आता सांगणारं कुणी नाही. मला विचाराल तर तो आमचा 'संपूर्ण संच'. मध्ये वीज गेलेला.

नीरजा_पुणे

मंद्र_सप्तक, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. त्या कॅसेट्स कुणाकडून तरी डिजिटल करून घ्या हो, लवकर.

मंद्र_सप्तक

चाललंय. ३१ झाल्या. एका कॅसेटच्या मागच्या बाजूवर माझी पाचवीतली कविता निघाली, मारवा पुसून त्यावर टेप केलेली. वडील काहीच बोलले नव्हते.

लायप्झिगकर

उशिरा आलो. मी राहतो हालेला, लायप्झिगला जाऊन-येऊन नोकरी. १४ वर्षं. ऐकण्याच्या बाजूने सांगतो.

कॅन्टाटा सीडीमागून सीडी ऐकल्या तर पाचव्या दिवशी कंटाळा येईल. दोष तुमचा नाही, त्या तशा लागोपाठ ऐकण्यासाठी नव्हत्याच. १७२३ ला बाख इथल्या टोमासकिर्शे या चर्चमध्ये रुजू झाला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी एक कॅन्टाटा वाजवायचा. त्या रविवारचं जे बायबलवाचन, त्यावर ती बेतलेली. वीस-पंचवीस मिनिटांची. म्हणजे ती पंचांगानुसार आहे. आपण आषाढीला गणपती बसवत नाही तसंच. लायप्झिगात ख्रिसमसआधीच्या आगमनकाळाचे शेवटचे तीन रविवार आणि ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ यांत कॅन्टाटा बंद असायच्या. चातुर्मास म्हणा. आणि अधिक महिनासुद्धा आहे! १४० क्रमांकाची प्रसिद्ध 'वाखेट आउफ' ट्रिनिटी या सणानंतरच्या २७ व्या रविवारची. ईस्टर फार लवकर आलं तरच हा रविवार येतो. बाखच्या लायप्झिगमधल्या काळात तो दोनदाच आला, १७३१ आणि १७४२.

तेव्हा खोकं घेतलंत तर एकच करा. रविवारी सकाळी त्या रविवारची एक कॅन्टाटा लावा, पुस्तिकेतले शब्द समोर ठेवून. बाकी आठवडाभर वाटेल ते. ऋतुजाताईंच्या स्ट्रीमिंगमध्ये माझी तक्रार एवढीच की तिथे कॅन्टाटेचे सहा तुकडे होतात, शब्द सहसा मिळत नाहीत आणि पाचव्या तुकड्यानंतर ते यंत्र स्वतःच्या मनाने विवाल्दी लावतं.

शनिवारी दुपारी तीनला टोमासकिर्शेत मुलांचा गायनवृंद गातो, बहुतेकदा कॅन्टाटाही असते. नाममात्र पैशांत आत सोडतात. बाखची कबर तिथेच आहे, नाव कोरलेली साधी ब्राँझची फरशी. कधी आलात तर कळवा, सोबत येतो.

ऋतुजा

विवाल्दीचं खरं आहे. काल मला भीमसेनजींच्या अभंगानंतर झोपेसाठी पावसाचा आवाज लावला.

सातवा_मजला

घ्यायचंच असेल तर हाच संच का? ब्रिलियंट क्लासिक्सचा संपूर्ण बाख याच्या तुलनेत बराच स्वस्त असतो.

बेताल

स्वस्त आहे, पण त्यातल्या कॅन्टाटा लॉयसिंक या वृंदसंचालकांनी १९९९-२००० च्या सुमाराला झपाट्याने उरकलेल्या. काही फार ताज्या, काही ठिकाणी मुलं सुरासाठी झगडताना स्पष्ट ऐकू येतात. उलट टोकाला सुझुकी. जपानमध्ये कोबेच्या एका चॅपेलमध्ये १९९५ ला सुरू केलं, २०१३ ला संपवलं. १८ वर्षं! गार्डिनर यांनी तर २००० साल अख्खं फिरतीवर काढलं. दर रविवारी वेगळ्या गावच्या चर्चमध्ये त्या त्या दिवसाची कॅन्टाटा. आमचे मित्र त्याला बाखची वारी म्हणतात. हारनॉनकोर्ट आणि लेओनहार्ट यांनी १९७१ पासून जवळजवळ दोन दशकं लावली, आणि वरचे सूर मुलांकडून गाऊन घेतले. ते ऐकायला सवय लागते.

३३३ मध्ये एकाच घराण्याचा हट्ट नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची ध्वनिमुद्रणं एकत्र केलीत आणि बऱ्याच कृती दोन-तीन तऱ्हांनी ऐकता येतात. मला ते आवडतं. शुद्धतावाद्यांना भेळ वाटते.

टीकाखोर

भेळ चांगली असते.

कपाटवाली

खोकं उघडून बघितलंत का हो? धागा जर्मनी फिरून आला, धागाकर्ते गायब.

खर्जातला

आहे, आहे. आजच जाऊन आलो. सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहितो.

कपाटवाली यांचा शब्द पाळला. काकूंच्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि पाकीट न् पाकीट काढून ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहिलं. स्पंज नाही, बुरशी नाही, रेघा फार थोड्या. पण लायप्झिगकर, तुम्ही सांगितलंत ते काका करतच होते! कॅन्टाटांच्या पाकिटांवर पेन्सिलीने तारखा आहेत. बहुतेक सगळे रविवार. काही तारखांपुढे एक शब्द: "छान", "पाऊस", "वीणा आली होती", एका ठिकाणी नुसतंच "नको". दुसऱ्या वर्षाच्या श्रावणापर्यंत तारखा आहेत. पुढची पाकिटं कोरी.

काकू तोवर चहा करत होत्या. मी विचारलं, तुम्ही ऐकायचात का? म्हणाल्या, "मला भाजी निवडताना ऐकू यायचं. त्यातलं एकच मला आवडायचं. पुरुष एकटाच गातो, कोरस नाही. मागून सनईसारखं वाजत असतं. फार दमल्यासारखा गातो बिचारा." आणि दोन ओळी गुणगुणल्या. मला ओळखता आलं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं सुचलं नाही. कुणी सांगू शकेल?

बेताल

सनई म्हणजे ओबो असणार, दोन्हीला दुहेरी पाती. कोरस नाही, एकटा पुरुष, दमलेला: ८२ क्रमांक, 'इष हाबं गेनुग'. "पुरे झालं मला." १७२७, २ फेब्रुवारीच्या सणासाठी. म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेतो आणि म्हणतो, आता जायला हरकत नाही. मधलं एक गाणं अक्षरशः अंगाई आहे, डोळ्यांना म्हटलेली: मिटा आता.

लायप्झिगकर

८२ च. डोळे झाकून.

म्हापशेकार

ऐकून बघा आणि काकूंनाही ऐकवा. वडिलांच्या कागदांत हे होतं. ओबोची ओळ ते व्हायोलिनवर वाजवायचे.

खर्जातला

बेताल, लायप्झिगकर, बरोबर! ८२ च. पण गंमत ऐका. परत गेलो, खोक्यात त्या नंबरचं पाकीट शोधलं. पाकीट आहे, आत सीडी नाही. मी म्हटलं, काकू, एक हरवली. काकू म्हणाल्या, "हरवली कशाला? प्लेअरमध्येच आहे. मी काढलेलीच नाही." बटण दाबलं. तीच.

मग मी हळूच म्हणालो, ही पण द्याल ना, नाहीतर संच अपुरा राहील. काकू म्हणाल्या, "ती मी देणार नाही. पाकीट हवं तर घेऊन जा."

टीकाखोर

म्हणजे २२१. किंमत कमी करून घ्या. ४०,००० भागिले २२२ म्हणजे साधारण १८० रुपये.

खर्जातला

हाच हिशोब मी मनात केला होता, बोलायची लाज वाटली. काकूंनीच विचारलं, "एक कमी आहे तर किती कमी करू?" मी म्हटलं राहू दे. म्हणाल्या, "असं कसं राहू दे?" आणि ५०० कमी केले. शिवाय चहाबरोबर बाकरवडी होती, फक्तवाचक यांच्या माहितीसाठी.

खोकं आज घरी आलंय. सौ. ने माळ्यावरच्या कॅसेट्स खाली काढून दारात ठेवल्यात आणि काही बोलत नाहीये.

मंद्र_सप्तक

कॅसेट्स टाकू नका. मी घ्यायला येतो.

सातवा_मजला

आणि प्लेअरचा ट्रे?

खर्जातला

उद्या पासोड्या विठोबापाशी दुरुस्तीला घेऊन जातोय. बहुतेक आतला रबरी पट्टा गेलाय. कुणाला तिथला भरवशाचा माणूस ठाऊक असेल तर सांगा, रविवारच्या आत हवंय.